रंगमंचावरून वर्गात : अग्रिपिना वागानोव्हा

बॅलेचं नाव काढलं की आपल्याकडे जाणत्या माणसांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते आना पाव्हलोव्हाचं. त्याला कारणही आहे. १९२२-२३ च्या दौऱ्यात पाव्हलोव्हा मुंबईत नाचून गेली. मुंबईत राहणाऱ्या लीला सोखी, म्हणजे पुढच्या मादाम मेनका, यांना भारतीय नृत्याकडे वळायला तिच्याकडून उत्तेजन मिळालं, आणि याच मेनकाबाईंनी नंतर खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. तेव्हा पाव्हलोव्हा आपल्याला अगदीच परकी नाही.

पण आज आपण बोलणार आहोत ते तिच्याबद्दल नाही. तिच्याच शाळेत तिच्या दोन वर्षं पुढे असलेल्या एका मुलीबद्दल बोलणार आहोत. पाव्हलोव्हा त्या शाळेतून १८९९ साली बाहेर पडली, ही मुलगी १८९७ साली. पाव्हलोव्हा जगभर फिरली. ही आयुष्यभर बहुतेक एकाच शहरात राहिली. पाव्हलोव्हा थोड्याच वर्षांत बॅलेरिना झाली, हिला त्यासाठी १८ वर्षं लागली. आणि तरीही आज जगात जिथे जिथे बॅले शिकवला जातो, तिथे शिकवण्याची पद्धत म्हणून जी दोन-चार नावं घेतली जातात, त्यांत हिचं नाव असतंच. अग्रिपिना वागानोव्हा.

हे कसं झालं, हा आजचा प्रश्न. आपल्याकडे एक समज फार खोल रुजलेला आहे, की ज्याला करता येत नाही तो शिकवतो. गाण्यात, नाचात, खेळात, सगळीकडे. वागानोव्हाची गोष्ट नीट पाहिली तर हा समज थोडा उलटा करून पाहावा लागतो.

सुरुवात शाळेपासून करू. सेंट पीटर्सबर्गची ही नृत्यशाळा १७३८ सालची. झां-बाप्तिस्त लांदे नावाच्या फ्रेंच नृत्यगुरूने ती काढली, खर्च झारच्या दरबाराचा. म्हणजे रशियन बॅले हा मुळात आयात केलेला माल, हे लक्षात ठेवा. पुढेही शिक्षक बाहेरूनच येत राहिले. मारियस पेतिपा फ्रान्सचा. ख्रिश्चन योहान्सन स्वीडनचा, डेन्मार्कच्या बूर्नोनव्हिलकडे शिकलेला. एनरिको चेकेत्ती इटलीचा. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच छपराखाली तीन घराणी नांदत होती. फ्रेंच घराण्याचा डौल आणि मऊपणा, इटालियन घराण्याची ताकद आणि गिरक्या, आणि योहान्सनकडून आलेली डेन्मार्कच्या वळणाची शिस्त. पण या तिन्हींचा मेळ घालून, हे असं का करायचं आणि ते तसं का, हे कुणी मांडून ठेवलेलं नव्हतं. गुरू करून दाखवायचा, शिष्याने उचलायचं. ज्याला उचलता आलं तो तरला.

वागानोव्हाचा जन्म १८७९ चा. वडील मारिन्स्की नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवून देण्याची नोकरी करत. म्हणजे नाट्यगृह घरचं, पण मागच्या दाराने. पोटापाण्याची ददात असलेल्या घरातल्या मुलीला या शाळेत प्रवेश मिळणं ही मोठीच गोष्ट होती, कारण राहणं, खाणं, कपडे, शिक्षण सगळं सरकारी, आणि बाहेर पडल्यावर दरबारी नाट्यसंस्थेत नोकरी, ठराविक वर्षं भरली की निवृत्तिवेतन.

नोकरी मिळाली. पण शरीराने साथ दिली का? अर्धी दिली. बॅलेसाठी जी चण हवी, लांब सडपातळ पाय, नाजूक बांधा, ती तिच्याजवळ नव्हती. बांधा ठेंगणा, पाय भरदार. उडी मात्र उत्तम, आणि पावलांची लहान लहान कामं अतिशय स्वच्छ. पेतिपा तेव्हा मारिन्स्कीचा सर्वेसर्वा. त्याला ही मुलगी कधीच आवडली नाही, त्याच्या रोजनिशीत तिच्याविषयी चांगलेच कडक शब्द आहेत. आणि ज्याचे बॅले तोच बसवतो, भूमिका तोच वाटतो, त्याची मर्जी नसेल तर काय होतं हे कुणाला वेगळं सांगायला नको.

त्या संस्थेत पायऱ्या ठरलेल्या होत्या. खाली समूहात नाचणाऱ्या, त्यांच्यावर कोरिफे म्हणजे लहान गटात पुढे उभ्या राहणाऱ्या, मग एकल नृत्य करणाऱ्या दुसऱ्या आणि पहिल्या श्रेणीच्या, आणि अगदी वर बॅलेरिना. वागानोव्हा एकेक पायरी रखडत चढली. एकल नृत्याच्या छोट्या तुकड्यांना बॅलेत ‘व्हेरिएशन’ म्हणतात, मिनिट-दीड मिनिटाचे. यांत ती इतकी चमकायची की समीक्षक तिला ‘व्हेरिएशन्सची राणी’ म्हणू लागले. कौतुकच ते, पण त्याला एक काटा होता. राणी खरी, पण मिनिटभराची. संपूर्ण बॅले तिच्या खांद्यावर टाकायला कुणी तयार नव्हतं. बॅलेरिना ही अधिकृत पदवी तिला मिळाली १९१५ साली, आणि १९१६ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, नोकरीची वर्षं भरली म्हणून ती निवृत्त झाली. पद हातात आलं आणि वर्षभरात रंगमंच सुटला.

आता या १८ वर्षांत ती करत काय होती, हा खरा कळीचा मुद्दा आहे. तिने पुढे स्वतः लिहिलं आहे की शाळा सुटल्यावर काही वर्षांतच तिला जाणवलं, आपण पुढे सरकत नाही. मग ती शोधायला लागली. त्या काळात इटालियन नर्तकी पीटर्सबर्ग गाजवत होत्या. पिएरिना लेन्यानीने १८९३ साली तिथे एका पायावर सलग ३२ फुएते गिरक्या घेतल्या आणि सगळं शहर चकित झालं. रशियन मुलींना हे जमेना. का जमत नाही? बहुतेकींनी सराव वाढवला. वागानोव्हा बघत बसली, की त्यांचं शरीर नेमकं काय करतंय. ओल्गा प्रेओब्राझेन्स्काया ही तिची ज्येष्ठ सहकारी, चेकेत्तीकडे शिकलेली. तिच्याकडे ती जाऊन शिकली. योहान्सन, वाझेम, गेर्द्त, लेगात, सगळ्यांचं पाहिलेलं मनात ताडून पाहिलं.

तिच्या लक्षात काय आलं ते साध्या शब्दांत सांगू. गिरकी घेताना जोर कुठून येतो? आपण म्हणू, पायातून. ते अर्धंच उत्तर झालं. पाय ढकलतात, पण फिरवतात ते हात, आणि हातांना आधार देते ती पाठ. पाठीचा कणा जागेवर नसेल तर कितीही जोर लावा, माणूस कलंडणारच. तेच तोलाचं. एका पायाच्या बोटांवर उभं राहायचं तर तो तोल पायात शोधून सापडत नाही, तो पाठीच्या स्नायूंत सापडतो. तेच हातांचं. फ्रेंच पद्धतीत हात फार सुंदर दिसत, पण कोपर ढिलं पडे आणि हात नुसता शोभेला उरे. इटालियन पद्धतीत हात कामाला लागत, पण दिसायला ताठर. वागानोव्हा म्हणाली, हात कामालाही लागू दे आणि सुंदरही दिसू दे. हे दोन्ही एकत्र आणणं हेच पुढे तिच्या शिकवण्याचं सूत्र झालं.

बघा, ज्या मुलीला गिरकी जन्मतःच येते, तिला हा प्रश्न पडतच नाही. तिला विचारलं, बाई गं, तू हे कसं करतेस, तर ती म्हणेल, असं, आणि करून दाखवेल. वागानोव्हाला प्रत्येक गोष्ट विकत घ्यावी लागली, म्हणून तिला प्रत्येकीची किंमत माहीत होती. आपल्याकडे याला जवळचं उदाहरण अल्लादियाखाँसाहेबांचं आहे. ऐन उमेदीत आवाज बसला, पूर्वीसारखा राहिला नाही, तेव्हा उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, आणि तीच पुढे कोल्हापूर-मुंबईत केसरबाई, मोगूबाईंच्या गळ्यातून आपल्यापर्यंत आली. उणिवेतून शास्त्र निघतं ते असं.

निवृत्तीनंतर वर्षभरातच क्रांती झाली. फेब्रुवारी १९१७ ला झार गेला, ऑक्टोबरात बोल्शेविक आले. दरबार गेला तसं दरबारी निवृत्तिवेतनही गेलं. त्याच वर्षाच्या अखेरीस वागानोव्हाच्या पतीने आत्महत्या केली. तेरा वर्षांचा मुलगा पदरात, शहरात अन्नाची टंचाई. तेव्हा, मंडळी, ती शिकवायला लागली ती काही कलेची सेवा म्हणून नव्हे. आधी भाकरीसाठी. हे सांगायला संकोचायचं कारण नाही. मोठी कामं अनेकदा अशीच सुरू होतात. समीक्षक अकिम वोलिन्स्कीने काढलेल्या एका खासगी शाळेत तिने आधी वर्ग घेतले, आणि १९२० च्या दशकाच्या अगदी सुरुवातीला ती आपल्या जुन्या शाळेत शिक्षिका म्हणून परत आली.

इथून पुढे आपण त्यांना ‘बाई’ म्हणू. आपल्याकडे शिक्षिकेला बाईच म्हणतात.

बाई परत आल्या ती शाळा कशी होती? खोल्या गारठलेल्या, मुलं अर्धपोटी, आणि शिक्षक निघून जाण्याच्या वाटेवर. फोकिन १९१८ ला गेला, कार्साविना त्याच वर्षी गेली, क्षेसिन्स्काया १९२० ला, प्रेओब्राझेन्स्काया १९२१ ला, निकोलाय लेगात १९२२ ला. कुणी पॅरिसला, कुणी लंडनला. पाव्हलोव्हा तर आधीपासूनच लंडनला होती. आणि नव्या राजवटीत प्रश्न विचारला जात होता, की झारच्या दरबाराची ही करमणूक कामगारांच्या राज्याने पोसायची कशासाठी? हा प्रश्न नुसता वर्तमानपत्री नव्हता. १९२२ च्या सुरुवातीला लेनिनने मॉस्कोच्या बोल्शोईचा ऑपेरा आणि बॅले बंद करण्याची सूचना केली होती. शिक्षण आणि कला खात्याचा प्रमुख लुनाचार्स्की आडवा पडला म्हणून ते टळलं.

अशा वेळी बॅलेच्या बाजूने बोलायला युक्तिवाद पुरेसा पडत नाही. काहीतरी दाखवावं लागतं. ते बाईंच्या वर्गाने दाखवलं. १९२५ साली त्यांची पहिली मोठी विद्यार्थिनी मारिना सेम्योनोव्हा शाळेतून बाहेर पडली. पदवीच्या कार्यक्रमात ती ‘ओढा’ या जुन्या बॅलेत नाचली. ही मुलगी झारच्या काळात घडलेली नव्हती, तिचं सगळं शिक्षण उपाशी वर्षांत झालं होतं. आणि ती कुठल्याही जुन्या बॅलेरिनेपेक्षा कमी नव्हती. उंच उडी, रुंद हालचाल, आणि हातांत तो मऊपणा. तीन घराणी एका शरीरात. टीकाकारांना हे उत्तर पुष्कळ होतं. पाठोपाठ १९२८ मध्ये गालिना उलानोव्हा आणि तातियाना वेचेस्लोव्हा, १९३१ मध्ये नातालिया दुदिन्स्काया.

आता या यादीत एक गंमत आहे, तिच्याकडे लक्ष द्या. सेम्योनोव्हा भव्य, उलानोव्हा अगदी अंतर्मुख, दुदिन्स्काया विजेसारखी. एकीसारखी दुसरी नाही. ‘पद्धत’ म्हटली की आपल्याला भीती वाटते, सगळ्या एका साच्यातल्या निघतील. चांगल्या पद्धतीची खूण याच्या उलट असते. व्याकरण पक्कं झालं की ज्याचं त्याचं बोलणं वेगळं ऐकू येतं.

बाईंचा वर्ग कसा चाले? बॅलेचा वर्ग भिंतीला लावलेल्या आडव्या लाकडी दांडीपाशी सुरू होतो, तिला बार म्हणतात. एक हात बारवर, आणि गुडघे वाकवण्यापासून सुरुवात, त्याला प्लिये म्हणतात. मग पाय जमिनीवरून न उचलता सरळ पुढे सरकवायचा, बोटं ताणायची, परत आणायचा. ऐकायला किती साधं! पण लहान मुलगी हे शेकडो वेळा करते, आणि नाचणारी बाई चाळिशीतही रोज सकाळी हेच करते. बारनंतर खोलीच्या मध्यभागी, आधाराशिवाय. मग संथ हालचाली, मग लहान उड्या, मोठ्या उड्या, बोटांवरचं काम. क्रम असा, की आजचा व्यायाम उद्याच्या उडीची तयारी असावा. आठ-नऊ वर्षांच्या शिक्षणात काय केव्हा शिकवायचं, याची ती एक साखळीच होती. आणि वर्गात नुसतं करून भागत नसे. हे असं का, ते विद्यार्थिनीला शब्दांत सांगता आलं पाहिजे. तोंड तिखट होतं बाईंचं. पण ‘चुकलं’ एवढंच म्हणून त्या थांबत नसत, कुठला स्नायू झोपला आहे तेही सांगत.

हे सगळं त्यांनी १९३४ साली पुस्तकात मांडलं. नाव अगदी साधं, ‘शास्त्रीय नृत्याची मूलतत्त्वं’. पुस्तकात हालचाली प्रकारानुसार लावल्या आहेत. आधी मूळ स्थिती, मग पायांची, हातांची कामं, उड्या, गिरक्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं आणि जिथे रशियन शिक्षक पोचले नव्हते तिथेही पद्धत पोचली. दोनशे वर्षं जी विद्या पायातून पायात जात होती, तिला कागद मिळाला.

मात्र बाईंचं चरित्र म्हणजे नुसती आरती नव्हे. इतिहास सांगायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३१ ते १९३७ बाई त्या नाट्यगृहाच्या बॅले विभागाच्या कलाप्रमुख होत्या. तो काळ स्टालिनचा. बॅलेत काय असावं, काय नसावं हे पक्ष ठरवू लागला होता. १९३३ मध्ये त्यांनी ‘स्वान लेक’ नव्याने बसवलं. कथा १८३० च्या काळातल्या एका स्वप्नाळू तरुणाच्या मनाचा खेळ म्हणून मांडली, आणि पांढऱ्या व काळ्या हंसिणीची कामं दोन वेगवेगळ्या नर्तकींना दिली. ते फार टिकलं नाही, आज बहुतेक ठिकाणी दोन्ही कामं पुन्हा एकीच करते. १९३६ च्या फेब्रुवारीत ‘प्रावदा’ने शोस्ताकोविचच्या संगीतावरच्या एका बॅलेवर जाहीर हल्ला चढवला आणि सगळ्या क्षेत्राचं धाबं दणाणलं. १९३७ ला बाईंचं ते पद गेलं. प्रयोग करण्याची जागा आक्रसली, वर्ग मात्र राहिला. राजवटीने त्यांना सन्मानही दिले, १९४६ मध्ये स्टालिन पारितोषिक दिलं. ज्या सरकारने कला आवळली त्याच सरकारने शाळा पोसली, आणि बाईंनी ते स्वीकारलं. याचा निवाडा आपण इथे बसून सहज करू नये, पण ही गोष्ट वगळूही नये.

आणखी एक न्याय्य गोष्ट. सगळं एकट्या बाईंनी केलं असं नाही. मुलांचे वर्ग पोनोमार्योव्ह, अलेक्झांडर पुश्किन असे शिक्षक घेत. रुडॉल्फ नुरेयेव्ह हा पुश्किनचा विद्यार्थी. एक शाळा उभी राहते ती अशी अनेकांच्या खांद्यांवर.

युद्धात लेनिनग्राडला वेढा पडला तेव्हा शाळा उरल डोंगरांकडे, पर्म शहरात हलवली गेली. युद्ध संपल्यावर बाई पुन्हा वर्गात होत्याच. शेवटच्या तुकडीतली इरिना कोल्पाकोव्हा १९५१ साली शाळेतून बाहेर पडली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बाई गेल्या. म्हणजे शिकवणं सुमारे ३० वर्षं. रंगमंचावरच्या १९ वर्षांपेक्षा कितीतरी जास्त. १९५७ मध्ये शाळेला त्यांचं नाव दिलं गेलं.

त्यानंतरचं पाहा. १९५६ मध्ये बोल्शोईची मंडळी पहिल्यांदा लंडनला गेली, उलानोव्हा तिथे ४६ व्या वर्षी ज्युलिएट आणि जिझेल नाचली आणि लंडन थक्क झालं. नंतर उलानोव्हाही शिकवायला लागली, एकातेरिना माक्सिमोव्हा तिची शिष्या. सेम्योनोव्हा १०१ वर्षं जगली आणि नव्वदी ओलांडेपर्यंत बोल्शोईत शिकवत राहिली. तिच्याकडे शिकलेला निकोलाय त्सिस्कारिद्झे पुढे वागानोव्हाबाईंच्या शाळेचा प्रमुख झाला. बाईंच्या विद्यार्थिनीचा विद्यार्थी बाईंच्या शाळेत. आपण याला परंपरा म्हणतो.

आता पुन्हा त्या दोन मुलींकडे वळू. पाव्हलोव्हा १९३१ मध्ये हेग शहरात वारली. तिनेही काही मुलींना शिकवलं होतं, पण तिचं जे खास होतं ते तिच्याबरोबर गेलं. जायचंच ते, अलौकिक गोष्ट दुसऱ्याला देता येत नाही. जगभर हजारो लोकांनी ती डोळ्यांनी पाहिली, हेही काही थोडं नाही. वागानोव्हाला नाचताना पाहिलेलं आज कुणी हयात नाही, आणि तिचा नाच आठवावा म्हणून कुणी तिचं नाव घेतही नाही. पण आज एखाद्या गावात दहा वर्षांची मुलगी बारला हात लावून गुडघे वाकवते आणि तिची शिक्षिका म्हणते, पायाकडे नको बघूस, पाठ सांभाळ, तेव्हा ते वाक्य त्या १८ वर्षांतून आलेलं असतं.

तेव्हा ज्याला करता येत नाही तो शिकवतो, हे वाक्य पुढच्या वेळी ऐकलंत तर एवढं विचारा, की त्याने न येण्याचं केलं काय? नुसतं दुःख केलं, की कारण शोधलं? वागानोव्हाबाईंनी कारण शोधलं, आणि सापडलं ते स्वतःजवळ ठेवलं नाही. शिक्षकाची थोरवी यात आहे असं आम्हाला वाटतं. आपण इथे थांबू.